मार्सेय, आर्ल, आविन्यों: दोघांनी एका दिवसात रेल्वेने कसं फिरावं

दक्षिण फ्रान्समध्ये पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण सगळ्यात वेगवान गाडीचं तिकीट काढतात आणि तिथेच फसतात. वेगवान गाडी म्हणजे टीजीव्ही. ती मार्सेयहून आविन्योंला साधारण ३५ मिनिटांत पोचवते, पण उतरवते गावाबाहेरच्या स्टेशनवर. आर्ल तर तिच्या मार्गावरच नाही. उलट टीईआर नावाच्या प्रादेशिक गाडीला मार्सेय ते आविन्यों सव्वा ते दीड तास लागतो, पण ती आर्लमध्ये थांबते आणि आविन्योंच्या तटबंदीसमोर नेऊन सोडते. दोघांना एका दिवसात शहरं बघायची असतील तर टीईआरच घ्यावी. वाचलेली पाऊण तासाची वेळ टीजीव्हीवाल्यांना स्टेशनपासून गावात पोचण्यातच खर्ची घालावी लागते.

या लेखातला दिवस असा आहे: मुक्काम मार्सेयला, सकाळी आर्ल, दुपारनंतर आविन्यों, रात्री परत मार्सेय. तिन्ही शहरं एकाच लोहमार्गावर आहेत, त्यामुळे कुठेही गाडी बदलावी लागत नाही. नवख्यांसाठी हा मोठाच दिलासा आहे.

आधी नावं नीट ओळखा

फ्रान्समध्ये एका गावाला दोन स्टेशनं असणं नेहमीचं आहे. जुनं स्टेशन गावात आणि टीजीव्हीसाठी नंतर बांधलेलं शेतात. या भागातल्या जोड्या लक्षात ठेवा. आविन्यों सांत्र गावात, आविन्यों टीजीव्ही गावाबाहेर. एक्स-आं-प्रोव्हांसचं टीजीव्ही स्टेशन गावापासून सुमारे १५ किलोमीटर दूर, तिथून पुढे बस. नीमचं गावातलं स्टेशन नीम सांत्र, तर २०१९च्या डिसेंबरात उघडलेलं नीम पोंद्यूगार बाहेर. मोंपेलियेत सां-रोक गावात, २०१८ साली सुरू झालेलं स्यूद द फ्रांस बाहेर. तिकिटाच्या अ‍ॅपमध्ये नुसतं शहराचं नाव टाकलं तर दोन्ही स्टेशनांच्या गाड्या एकत्र दिसतात आणि कमी वेळेची गाडी साहजिकच डोळ्यांत भरते. म्हणून शोधतानाच ‘सांत्र’ हा शब्द बघून निवडा. सांत्र म्हणजे गावातलं, मध्यवर्ती.

आविन्योंची दोन्ही स्टेशनं एका छोट्या जोडगाडीने जोडलेली आहेत. डिसेंबर २०१३पासून ती धावते, लोक तिला ‘व्हिर्ग्यूल’ म्हणतात आणि ती पाचेक मिनिटांत पोचवते. त्यामुळे चुकून टीजीव्ही स्टेशनला उतरलात तरी घाबरायचं कारण नाही. फक्त तिची वेळ बघून चाला, ती दर पाच मिनिटांनी सुटत नाही.

दुसरा घोटाळा गाड्यांच्या प्रकारांचा. मार्सेय–आर्ल या टप्प्यावर टीईआरबरोबर ‘आंतेरसिते’ नावाची लांब पल्ल्याची गाडीही धावते. ती मार्सेयहून आर्ल, नीम, मोंपेलिये, तूलूझ करत बोर्दोला जाते. तिला आरक्षण सक्तीचं असतं. टीईआरचं तिकीट खिशात असताना फलाटावर आर्लला जाणारी गाडी उभी दिसली म्हणून तिच्यात चढलात, तर तपासनीस ते तिकीट धरणार नाही. चढण्याआधी फलकावर शहराच्या नावाबरोबर गाडीचा प्रकार आणि क्रमांकही वाचा. प्रोव्हांसच्या, म्हणजे या तिन्ही शहरांच्या प्रदेशातल्या, टीईआर गाड्यांवर ‘झू’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. हे प्रदेशाच्या वाहतूकसेवेचं नाव आहे. ऱ्होन नदीपलीकडे नीमच्या बाजूला तिथल्या प्रदेशाची अशीच सेवा ‘लिओ’ नावाने चालते. दोन्ही प्रदेशांचे पास आणि सवलती वेगवेगळ्या असतात, एकीकडचा पास दुसरीकडे चालेल असं गृहीत धरू नका.

तिकीट

टीजीव्हीचं भाडं विमानासारखं चढत जातं, लवकर काढलं तर स्वस्त, आयत्या वेळी महाग. टीईआरचं तसं नसतं. नेहमीचं भाडं ठरलेलं असतं, दोन महिने आधी काढा किंवा दहा मिनिटं आधी. जागा क्रमांकाने मिळत नाही, मिळेल तिथे बसायचं. गाडी भरली म्हणून तिकीट मिळालं नाही असंही होत नाही, फार तर उभं राहावं लागतं.

तीन वेगवेगळी एकेरी तिकिटं काढा: मार्सेय ते आर्ल, आर्ल ते आविन्यों सांत्र, आविन्यों सांत्र ते मार्सेय. मार्सेय–आविन्यों एकच तिकीट काढून मध्ये आर्लला चार तास उतरायचा विचार सोडून द्या. थोडे पैसे वाचतील, पण तपासनिसाशी परक्या भाषेत वाद घालायची वेळ येईल. दोघांचा दिवसभराचा रेल्वेखर्च शंभर युरोच्या आसपास धरून ठेवा.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे फ्रेंच रेल्वेचं, म्हणजे एसएनसीएफचं ‘कनेक्ट’ हे अ‍ॅप. ते इंग्रजीतही चालतं. भारतातून काढत असाल तर आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करून घ्या. ऑक्टोबर २०२०पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डांवर ही सोय बंदच येते आणि ग्राहकाला ती स्वतः चालू करावी लागते. व्यवहार अडकला की लोक अ‍ॅपला दोष देतात, पण खूपदा कारण हेच निघतं. ओटीपी येणारं सिमकार्ड परदेशात चालू राहील ना, तेही निघण्याआधी पाहून ठेवा.

तिकिटं आली की दोघांच्याही फोनवर दोघांचीही तिकिटं ठेवा आणि पीडीएफ उतरवून घ्या. एकाच फोनवर सगळं असलं आणि फोटो काढता काढता संध्याकाळपर्यंत बॅटरी संपली, तर तपासनिसाच्या लेखी तुम्ही दोघंही विनातिकीट. मूळ पासपोर्ट जवळ बाळगा. तिकिटावर नाव असेल तर तपासनीस ओळखपत्र मागू शकतो.

यंत्रावरून तिकीट काढायचं असेल तर स्टेशनवर दोन प्रकारची यंत्रं दिसतील. लांब पल्ल्याच्या तिकिटांचं यंत्र बोटाने दाबायच्या पडद्याचं असतं. प्रादेशिक तिकिटांच्या यंत्राला मात्र पडद्याखाली एक गोल चकती असते. बरेच जण पडद्यावर बोटं आपटत राहतात आणि यंत्र बिघडलंय समजून निघून जातात. ती चकती जुन्या रेडिओचं बटण फिरवावं तशी डावी-उजवीकडे फिरवायची. पडद्यावरची निवड तशी सरकते. हवं ते आलं की मधलं बटण दाबायचं. पहिल्याच पडद्यावर झेंडे असतात, तिथे इंग्रजी निवडा. या यंत्रात नाणी आणि कार्ड चालतं, नोटा चालत नाहीत. समोर रांग असेल तर दोघांचं मिळून सात-आठ मिनिटं जातात, तेवढी हाताशी ठेवा.

छापील तिकिटावर दिवस लिहिलेला नसेल, किंवा ते शिक्का मारून घ्यायचं आहे असं लिहिलेलं असेल, तर फलाटावर जाण्याआधी पिवळ्या खांबासारख्या यंत्रात त्याचं टोक सरकवा. ‘खट्’ असा आवाज होऊन तारीख-वेळ उमटते. शिक्का नसलेलं तिकीट न वापरलेलं मानलं जातं आणि दंड होऊ शकतो. फोनवरच्या तिकिटाला याची गरज नाही. यंत्र बंद असेल किंवा तिकीटच काढता आलं नसेल, तर गाडीत शिरताच तपासनिसाला स्वतः शोधा. तो तुमच्यापर्यंत पोचण्याआधी तुम्ही त्याच्यापर्यंत पोचलात तर प्रकरण तिकिटाच्या पैशांवर भागतं, फार तर गाडीतल्या चढ्या दराने. बोलताना सुरुवात ‘बोंझूर’ने करा. फ्रान्समध्ये नमस्कार न करता थेट प्रश्न विचारणं उद्धटपणाचं समजतात. खिडकीवरच्या माणसाचा सूर या एका शब्दावर ठरतो.

युरेल हा युरोपभर चालणारा रेल्वेपास असेल तर टीईआरमध्ये आरक्षणाशिवाय बसता येतं. टीजीव्ही आणि आंतेरसितेला पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे. फक्त या एका दिवसासाठी पास घेणं परवडत नाही.

आदल्या संध्याकाळी

पाच वाजल्यानंतर अ‍ॅप उघडून उद्याच्या तिन्ही गाड्या पुन्हा तपासा. याला कारण आहे. फ्रान्समध्ये संपाला ‘ग्रेव्ह’ म्हणतात आणि तो अचानक होत नाही. संपावर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना ४८ तास आधी कळवावं लागतं आणि रेल्वेला किमान २४ तास आधी प्रवाशांना सांगावं लागतं. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास दुसऱ्या दिवशीच्या गाड्यांचं चित्र पक्कं होतं. तेव्हा जी गाडी दिसते ती बहुधा धावते.

याच वेळी आणखी एक गोष्ट बघा: तुमच्या गाडीसमोर ट्रेनचं चिन्ह आहे की बसचं. रुळांचं काम चालू असेल तेव्हा टीईआरऐवजी बस सोडतात आणि तिकीट तेच चालतं. ही बस फलाटावरून नाही, स्टेशनबाहेरच्या थांब्यावरून सुटते. चिन्ह न बघणारे रिकाम्या फलाटावर उभे राहतात.

रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या कमी असतात. शक्य असेल तर शनिवार निवडा, कारण आर्लचा मोठा बाजार शनिवारी भरतो. जुलैत आविन्योंचा नाट्यमहोत्सव असतो, १९४७पासून चालत आलेला. तेव्हा गावात पाऊल ठेवायला जागा नसते आणि संध्याकाळच्या गाड्या तुडुंब असतात. नाटकासाठी जात नसाल तर जुलै टाळावा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम.

सामान हॉटेलवरच ठेवा. आर्लसारख्या लहान स्टेशनवर सामानाचे लॉकर नाहीत असंच धरून चालावं. मार्सेयच्या मोठ्या स्टेशनवर आहेत, पण तिथे बॅगा तपासून घेतात, रांग लागते आणि पैसेही पडतात. दिवसाच्या पिशवीत पाण्याची बाटली, पॉवर बँक, टोपी आणि वारा अडवणारं पातळ जाकीट एवढं पुरे. जाकीट उन्हाळ्यातही घ्या. ऱ्होनच्या खोऱ्यातून ‘मिस्त्राल’ नावाचा कोरडा, गार वारा उत्तरेकडून येतो आणि तो कधी कधी ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो. आकाश निळंभोर, ऊन लख्ख आणि आविन्योंच्या फलाटावर मात्र दात वाजतायत, असं होतं.

सां-शार्ल स्टेशनवर

मार्सेयचं मुख्य स्टेशन म्हणजे सां-शार्ल. जुन्या बंदराजवळ राहत असाल तर मेट्रोची पहिली लाइन पकडा, मधे एकच थांबा, दुसरा सां-शार्ल. पायी आलात तर शेवटी १०४ पायऱ्यांचा भव्य जिना चढावा लागतो. सकाळी मेट्रोने या, जिना रात्रीसाठी ठेवा.

गाडी सुटायच्या २५ मिनिटं आधी पोचा. इथे फलाटांना आकडे नाहीत, अक्षरं आहेत, ए पासून पुढे. मोठ्या फलकावर गाडीची वेळ, शेवटचं स्टेशन आणि फलाट दिसतो. तुमच्या गाडीसमोर बहुधा आर्ल लिहिलेलं नसेल, आविन्यों असेल किंवा थेट लियों. मधले थांबे खालच्या ओळीत सरकत असतात, त्यात आर्ल आहे याची खात्री करा. ही खात्री महत्त्वाची आहे, कारण आविन्योंकडे जाणारी दुसरी वाट सालों आणि काव्हायोंवरून जाते आणि त्या वाटेच्या गाड्या आर्लला जातच नाहीत. परतताना आविन्योंलाही हेच ध्यानात ठेवा.

फलकावर ‘व्वा’ म्हणजे रूळ, म्हणजेच आपला फलाट. ‘रतार’ म्हणजे उशीर, ‘स्यूप्रिमे’ म्हणजे रद्द. एवढे तीन शब्द दिवसभर पुरतात.

काही फलाटांच्या तोंडाशी तिकीट स्कॅन करायची फाटकं असतात. गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होतात, म्हणजे ८.१२ची गाडी तुमच्यासाठी ८.१०चीच. पळत येणाऱ्यासाठी दार पुन्हा उघडत नाही. डब्याचं दार आपोआप उघडलं नाही तर दारावरचं हिरवा दिवा लागलेलं बटण दाबा. उतरतानाही हेच. बटण न दाबता दाराशी थांबून राहिल्यामुळे स्टेशन हुकलेले लोक दर आठवड्याला सापडतील.

मराठी माणसाला मार्सेय हे गाव ‘मार्सेलिस’ म्हणून शाळेपासून माहीत असतं. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मोरिया बोटीतून उडी घेतली ती इथल्याच बंदरात. बंदराकडे दुसऱ्या दिवशी वेगळा वेळ काढून जावं, या दिवसात ते बसवू नका.

गाडीत: डावीकडे बसा

मार्सेयहून निघताना डाव्या बाजूची खिडकी धरा. लेस्ताक मागे पडलं की गाडी सुमारे साडेचार किलोमीटर लांबीच्या नेर्तच्या बोगद्यात शिरते. बाहेर येते तेव्हा डावीकडे बेरचं खारं सरोवर उघडतं, सुमारे १५५ चौरस किलोमीटरचं. विमानतळाची धावपट्टी त्याच्या पाण्यात घुसलेली दिसते, पुढे पेट्रोकेमिकलचे कारखाने. हा भाग सुंदर नाही, पण हा प्रदेश कशावर जगतो ते इथे कळतं.

मिरामास सोडलं की लँडस्केप बदलतो. हे क्रोचं माळरान. कधीकाळी दुरांस नदी इथून समुद्राला मिळत होती. तिने आणलेले दगडगोटे मैलोन्‌मैल पसरलेत. जिथे कालव्याचं पाणी पोचलं तिथे हिरवीगार कुरणं आहेत. इथलं गवत इतकं नावाजलेलं की वाइन-चीजसारखं त्यालाही स्थळनामाचं अधिकृत संरक्षण आहे. शेतांच्या कडेने सायप्रसच्या उंच, दाट रांगा दिसतील. नीट बघा, बहुतेक रांगा पूर्व-पश्चिम आहेत. मिस्त्राल उत्तरेकडून येतो, म्हणून त्याला आडवी भिंत घातलेली आहे. जुनी शेतघरंही त्याच हिशोबाने उत्तरेला पाठ करून बसलेली असतात.

मार्सेय ते आर्ल साधारण पाऊण ते एक तास. दोघांनी एकाच वेळी डुलकी घेऊ नये. पुकारा फ्रेंचमध्ये होतो आणि आर्लचा थांबा दोन मिनिटांचाच असतो.

आर्लमध्ये साडेतीन-चार तास

स्टेशनातून बाहेर पडून गावाच्या दिशेने पाच मिनिटं चाललात की प्लास लामार्तिन लागतं. घाईने पुढे जाऊ नका. व्हॅन गॉग फेब्रुवारी १८८८ ते मे १८८९ आर्लमध्ये होता आणि त्याचं पिवळं घर याच चौकात होतं. २५ जून १९४४च्या बॉम्बहल्ल्यात ते घर पडलं, मात्र त्याच्या मागची उंच इमारत अजून उभी आहे. त्या घराच्या चित्राची प्रत फोनवर उघडून समोर धरा. चित्रात उजवीकडे मागे रेल्वेचा पूल आणि धूर सोडत चाललेली गाडी दिसते. तुम्ही आत्ता उतरलात त्याच लोहमार्गाच्या परिसरातला हा देखावा आहे. चौकाला लागूनच ऱ्होनचा काठ आहे. सप्टेंबर १८८८मध्ये त्याने नदीवरची तारकांची रात्र रंगवली ती इथूनच.

पुढे जुन्या वेशीतून सरळ गेलात की स्टेशनपासून दहा-बारा मिनिटांत रोमन रंगमंडल येतं. इ.स. ९०च्या सुमारास बांधलेलं, सुमारे २१ हजार माणसं बसतील एवढं. रोमन सत्ता गेल्यावर लोकांनी त्यालाच किल्ला केलं आणि आत घरं बांधून राहिले. वर दिसणारे तीन बुरूज त्या काळचे आहेत. बुरुजावर चढा, गावाची छपरं आणि ऱ्होनचं वळण एका नजरेत येतं. तिथून रोमन नाट्यगृह आणि सां-त्रोफिम चर्चचं कोरीव दार अगदी जवळ आहे. हे सगळं सावकाश बघायला दोन तास लागतात.

उरलेल्या वेळात एकच निवडा. शनिवार असेल तर बुलव्हार दे लीसचा बाजार. नसेल तर दक्षिणेकडचा ल्यूमा या कलाकेंद्राचा मनोरा: फ्रँक गेरींनी आखलेला, ५६ मीटर उंच, सुमारे ११ हजार स्टीलच्या पत्र्यांचा, २०२१मध्ये उघडलेला. तो जिथे उभा आहे तिथे पूर्वी रेल्वेचे कारखाने होते आणि त्यातल्या जुन्या शेड आता प्रदर्शनांसाठी वापरतात. इथून स्टेशनला परत जायला पंचवीस-तीस मिनिटं चालावं लागतं, ती आधीच वजा करा.

जेवणाचं इथेच उरका. फ्रान्समधल्या लहान गावात दुपारचं स्वयंपाकघर १२ ते २ एवढंच चालू असतं. अडीचला खुर्चीत बसायला मिळेल, कॉफी मिळेल, जेवण मिळणार नाही. नवख्यांचा दिवस गाडीमुळे बिघडत नाही तेवढा यामुळे बिघडतो. म्हणून आर्लला दहाच्या आत पोचणारी गाडी घ्या, साडेबाराला जेवायला बसा आणि दोननंतरची गाडी पकडा. शाकाहारी असाल तर ‘सां व्यांद, सां प्वासों’ म्हणा, म्हणजे मांस नाही, मासे नाहीत. दोन्ही सांगावं लागतं. इथल्या कांद्याच्या पिसालादिएरवर मांदेली-एवढे अँचोव्ही मासे असतात, ऑलिव्ह घातलेल्या फुगास पावात कधी डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. मार्सेयच्या बाजूला मिळणारी ‘पानीस’ मात्र निर्धास्त विचारून खा. चण्याच्या पिठाचं पाणी घालून शिजवलेलं घट्ट पिठलंच ते, थापून, कापून, तळलेलं. पाण्यासाठी ‘युन काराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट येतं आणि ते पिण्याजोगं असतं.

आविन्यों

आर्लहून वीसेक मिनिटांत आविन्यों सांत्र. वाटेत तारास्कों लागेल, तिथे उतरायचं नाही. स्टेशनमधून बाहेर पडलात की समोर रस्ता आणि पलीकडे १४व्या शतकातला तट, सुमारे ४.३ किलोमीटरचा वेढा. रेपुब्लिक दरवाजातून आत शिरा आणि समोरच्या रस्त्याने नाक समोर ठेवून चालत राहा. पंधरा-वीस मिनिटांत पोपच्या राजवाड्याचं पटांगण येतं. वळण घ्यायचं नाही, नकाशा लागत नाही.

१३०९ ते १३७७ पोप रोममध्ये नव्हते, इथे होते. राजवाडा बघायला दीड-दोन तास द्या आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ आधी बघून ठेवा, ती हंगामानुसार बदलते. साडेतीनच्या आत दाराशी असावं. राजवाडा आणि सां-बेनेझे पूल यांचं एकत्र तिकीट मिळतं. पुलाच्या २२ कमानींपैकी चारच उरल्या आहेत, बाकीच्या पुरांनी नेल्या. पुलावर जायचा कंटाळा आला असेल तर राजवाड्याशेजारच्या रोशे दे दोम टेकडीवर चढा. तिथून पूल, ऱ्होन आणि स्वच्छ हवेत मों व्हांतूचा पांढरा माथा दिसतो, आणि तेही फुकट. दमलेल्या जोडीने पुलाचं तिकीट सोडून टेकडीवर अर्धा तास बसावं, हे माझं स्पष्ट मत.

परतीची गाडी आणि बिघडलं तर

परतीसाठी शेवटची टीईआर कधीही ठरवू नका, शेवटून दुसरी ठरवा. संध्याकाळी साडेसातनंतर गाड्या विरळ होत जातात. शेवटची रद्द झाली तर मागे काही उरत नाही.

गाडी चुकली आणि टीईआरचं तिकीट त्या दिवसाचं असेल, तर पुढच्या टीईआरने जा, वेगळं काही करायचं नाही. तिकिटावरची मुदत तेवढी वाचा.

शेवटची टीईआर गेली तर व्हिर्ग्यूलने आविन्यों टीजीव्हीला जा आणि तिथून मार्सेयची टीजीव्ही घ्या. टीईआरचं तिकीट तिच्यात चालत नाही, नवं काढावं लागतं आणि आयत्या वेळी ते महाग पडतं. दोघांचं तिकीट एकाच वेळी, एकाच व्यवहारात काढा, म्हणजे जागा शेजारी मिळतात. फलाटावर अक्षरांच्या खुणा असतात. तुमचा डबा कोणत्या अक्षरापाशी थांबेल ते पडद्यावर दाखवतात. टीजीव्ही कधी दोन गाड्या जोडून धावते आणि आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही, म्हणून डबा क्रमांक बघूनच चढा. टीजीव्ही आणि आंतेरसिते तीस मिनिटांहून उशिरा पोचली तर भाड्याचा २५ टक्के भाग परत मागता येतो, दोन तासांच्या पुढे ५० टक्के, तीनच्या पुढे ७५. अर्ज अ‍ॅपवरून करता येतो. टीईआरला ही योजना लागू नाही.

आर्लमध्येच अडकलात तर मात्र टीजीव्हीचा आधार नाही. म्हणून संपाच्या किंवा रुळांच्या कामाच्या दिवशी आर्ल गाळा: थेट आविन्यों आणि तिथूनच परत. आर्ल पुढच्या खेपेला.

हाच दिवस दुसऱ्या वाटेनेही करता येतो. आविन्योंऐवजी नीम घेतलं तर आर्लहून तारास्कोंमार्गे ऱ्होन ओलांडून जाता येतं. स्टेशनपासून सरळ रस्त्याने दहा मिनिटांत रोमन रंगमंडल, आणि २०२३मध्ये जागतिक वारसा यादीत आलेलं मेझों कारे मंदिर थोडं पुढे. पण या टप्प्यावर गाड्या कमी आहेत आणि प्रदेशाची हद्द बदलते, त्यामुळे पहिल्या दिवशी आविन्योंच बरं. समुद्रच हवा असेल तर मार्सेय–नीस, साधारण दोन तास चाळीस मिनिटं. जाताना उजवीकडे बसा. सां-राफाएल आणि कान या गावांच्या मधे तांबड्या खडकांतून गाडी पाण्याला खेटून जाते.

रात्री सां-शार्लला उतरलात की मेट्रोकडे खाली न वळता आधी मुख्य दाराने बाहेर या. १०४ पायऱ्यांच्या माथ्यावरून सगळं मार्सेय दिव्यांत दिसतं, समोर टेकडीवर नोत्र-दाम द ला गार्द उजळलेलं. पायऱ्या उतरताना पिशवी पुढे घ्या आणि फोन खिशात ठेवा, स्टेशनचा परिसर पाकीटमारांचा आहे. खाली सरळ चालत कानब्येर या मोठ्या रस्त्यावर आलात की उजवीकडे वळा, एकूण वीस मिनिटांत जुनं बंदर.